मेलबर्नला एसईएसमध्ये (स्टेट इमर्जन्सी सर्व्हिस, पूर-वादळात मदत करणारी संस्था) व्हॉलंटिअर आहे, पुराच्या ड्यूटीला गेलो म्हणून कंपनी कामावरून काढू शकते का?

नाही, फक्त त्या कारणासाठी काढता येत नाही, ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्यात, म्हणजे फेअर वर्क ॲक्ट २००९ च्या कलम ७७२ मध्ये हे सरळ लिहिलंय. त्याच कायद्यात कम्युनिटी सर्व्हिस लीव्ह, म्हणजे अशा ड्यूटीसाठीची रजा आहे, कॅज्युअलवाल्यांनाही (कायम नोकरी नसलेल्यांनाही) मिळते, आणि तिला वर्षाला अमुक इतके दिवस अशी मर्यादा नाही, गैरहजेरी परिस्थितीला धरून असली म्हणजे झालं. प्रवासाचा वेळ आणि ड्यूटीनंतरची विश्रांतीही त्यात धरतात, हे खूप जणांना माहीतच नसतं. म्हणजे रात्री २ ला कॉल आला, पहाटेपर्यंत कुणाच्या फुटलेल्या छतावर ताडपत्री बांधत होतात, तर तसंच ओल्या कपड्यांनी ९ ला ऑफिस गाठायची गरज नाही, झोपा थोडं, तो तुमचा हक्क आहे.

तुम्ही एवढं मात्र करा:

- जमेल तितक्या लवकर मॅनेजरला मेसेज टाका, अंदाजे किती वेळ लागेल तेही लिहा (निघाल्यावर कळवलं तरी चालतं)
- पुरावा मागितला तर युनिटकडून पत्र घ्या

एक गोष्ट लक्षात ठेवा, ही रजा बिनपगारी असते, पगार द्यायचा की नाही ते कंपनीच्या ॲग्रीमेंटवर आहे, तेवढं आधी वाचून घ्या. आणि तरीही काढलंच तर थांबू नका, फेअर वर्क कमिशनकडे (कामाच्या ठिकाणचे वाद सोडवणारी सरकारी संस्था) काढल्यापासून २१ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, लोक एचआरशी बोलण्यात हेच दिवस घालवतात.