लग्नात चांगल्या फोटोग्राफरवर पैसे घालावेत का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात सांगलीत धाकट्या बहिणीचं लग्न आहे, एक फोटोग्राफर ४० हजार सांगतोय, दुसरा १ लाख १० हजार. मधल्या ७० हजारांत असं काय मिळणार, की ते सरळ जेवणावर घालावेत?

माझं मत स्पष्ट सांगते. घालावेत, पण माणसावर. ड्रोन, जाडजूड अल्बम, कार्यालयाबाहेरचा मोठा स्क्रीन यांवर एक रुपयाही जास्त देऊ नका. हे मी दोन लग्नांवरून सांगतेय, एक माझं आणि एक माझ्या धाकट्या बहिणीचं. दोन्ही सांगलीतलीच.

आमच्याकडं मुलीच्या आईनं मंगलाष्टका चालू असताना मांडवात थांबायचं नाही, तुळशीला पाणी घालत राहायचं, अशी पद्धत आहे. कित्येक घरांत ती अजून पाळतात, तुमच्याकडंही असेल कदाचित. म्हणजे जिनं वर्षभर धावपळ केली, तिलाच अंतरपाट सरताना बघायला मिळत नाही. तिला तो क्षण दिसला तर फोटोतच दिसणार.

माझं लग्न मे २००९ मधलं. ओळखीतल्या एकानं स्वस्तात शूटिंग आणि फोटो दोन्ही करून देतो म्हटलं आणि आम्हाला ते बरं वाटलं. दुपारचा मुहूर्त, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, आणि नेमका तेव्हा हा गडी फ्लॅशचे सेल बदलत होता. मग आम्हा दोघांना म्हणाला, "हार काढून परत घाला, फोटो राहिला." आम्ही घातले. दोन महिन्यांनी अल्बम आला. आईनं चष्मा पुसला, अल्बम मांडीवर घेतला आणि एकेक पान उलटत गेली. एका पानावर अंतरपाट धरलेला, पुढच्या पानावर आम्ही हार घालून कॅमेऱ्याकडं बघत उभे. ती एक पान मागं गेली, परत पुढं आली. दोन पानं चिकटलीत का म्हणून नखानं कड उचकटून पाहिली. मग विचारलं, "सरला तेव्हाचा कुठाय गं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

धाकटीचं लग्न फेब्रुवारी २०१६ मध्ये झालं. या वेळी वडिलांनी मिरजेचा एक फोटोग्राफर ठरवला. पैसे तेव्हाच्या मानानं जास्तच होते, काका लोकांनी नावंही ठेवली. तो माणूस आदल्या दिवशी संध्याकाळी कार्यालय बघायला आला. नवरी कुठल्या दारानं येणार, दुपारी ऊन कुठल्या खिडकीतून पडतं, स्टेजवर दिवे कुठले लावणार, सगळं विचारलं. गुरुजींना विचारलं, शेवटचं मंगलाष्टक कुठलं म्हणणार? "तदेव लग्नं" सुरू झालं की अंतरपाट सरणार, हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं खात्री करून घेतली. आणि जाता जाता आईला म्हणाला, "काकू, मंगलाष्टकांच्या वेळी तुम्ही कुठं असणार?" त्या दिवशी आईला तिच्याबद्दल विचारणारा तो एकटाच.

त्यानं आपला एक मुलगा तिकडं पाठवला. तो फोटो आमच्या घरात आज भिंतीवर आहे. कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेरू लावलेल्या डब्यातली तुळस, शेजारी आई. तांब्यातलं पाणी केव्हाच संपलंय, डब्यातून ओघळून तिच्या पायाशी आलंय, तरी हात तसाच कललेला, कारण सगळं लक्ष भोंग्यातून येणाऱ्या आवाजाकडं आहे. आणि दुसरा फोटो, अंतरपाट अर्धा खाली आलेला, वर अक्षता हवेत, आणि धाकटी नवऱ्याकडं न बघता गर्दीत कुणाला तरी शोधतेय. आई तो फोटो बघून म्हणाली, "मला बघत होती." वरच्या ७० हजारांत काय मिळतं, याचं माझ्याकडं असलेलं उत्तर हेच.

आता कामाचं थोडं. कार्यालयातला उजेड हा फोटोग्राफीसाठी फार वाईट असतो. एकीकडं पिवळे दिवे, दुसरीकडं पांढऱ्या ट्यूब, त्यात हल्ली स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी. त्यानं चेहऱ्याचा रंग असा जातो की नंतर कॉम्प्युटरवरही धड परत येत नाही. चांगला माणूस हे आधी ओळखतो आणि डेकोरेशनवाल्याला सांगतो, मुहूर्तापुरते रंगीत दिवे बंद ठेव. तुमच्याकडं ४० हजारवालाच येणार असेल तर हे तुम्ही सांगा, पैसे पडत नाहीत. तशीच हळद. रात्री पिवळ्या बल्बखाली हळद लावली की फोटोत सगळं एकच पिवळं दिसतं. सकाळी अंगणात लावा, तोच कॅमेरा वेगळा वाटेल.

दुसरं म्हणजे माणसं किती. एकटा फोटोग्राफर मुहूर्ताला नवरा-नवरी दोघांचे चेहरे समोरून टिपूच शकत नाही, मध्ये अंतरपाट असतो. दोन बाजूंना दोघं लागतात, तिसरा असेल तर तो तुळशीपाशी. दर ऐकताना किती जण येणार हे आधी विचारा, आणि ज्याचं काम बघून तुम्ही ठरवताय तो स्वतः येणार का, हेही. सीझनमध्ये एकाच मुहूर्तावर चार लग्नं धरून पोरं पाठवणारे बरेच आहेत.

काम बघताना इन्स्टाग्रामवरचे निवडक तीस फोटो बघू नका. एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा म्हणावं, तेही आपल्याकडच्या साध्या कार्यालयातले. कासच्या पठारावर फुलांत उभं केलेल्या जोडीचे फोटो छान येणारच. पाठवणीच्या वेळी मांडवाच्या दारात, गर्दीत, संध्याकाळच्या उजेडात त्यानं काय टिपलं ते बघा. पंगतीत, रुखवतापाशी, कानपिळीला नवऱ्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा. त्यात माणसं जिवंत दिसली तर तो तुमचा माणूस.

पैसे कमी करायचेच असतील तर त्याच चांगल्या माणसाशी बोला. प्री-वेडिंग नको, ड्रोन नको, स्क्रीन नको, दोनऐवजी एकच अल्बम आणि तोही कमी शीटचा. दर बराच खाली येतो, आम्ही हेच केलं होतं. पण कर्ज काढून मात्र करू नका. हप्ते फेडत फोटो बघण्यात कसलं सुख?

आता डेटाचं. याबद्दल मी जरा जास्त सांगणार, कारण ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं. आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आम्ही वरच्या मजल्यावर, अल्बम खालच्या कपाटात. पाणी उतरल्यावर दोन्ही अल्बम चिखलातून काढले. पानं एकमेकांना अशी बसली होती की सोडवायला गेलं की एकाच्या तोंडावरचा रंग दुसऱ्यावर यायचा. माझ्या लग्नाचा मूळ डेटा मागितला तर समजलं, त्यानं कॉम्प्युटर कधीच फॉरमॅट केला होता. मिरजेच्या माणसानं मात्र धाकटीचं सगळं लग्न दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलं होतं. तीन वर्षांनीही चार दिवसांत काढून दिलं, वर पैसे घेतले नाहीत. आईचा तुळशीपाशी काढलेला फोटो असा दुसऱ्यांदा घरात आला.

म्हणून इसार देण्याआधी विचारा, कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो जातात का, डेटा किती वर्षं ठेवता, आणि सगळे मूळ फोटो आम्हाला देणार का. "फोटो आमचे, तुम्हाला फक्त निवडलेले मिळतील" असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार केलेला नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. त्यामुळं कागदावर सही करण्याआधी त्यात उलटं काही लिहिलंय का ते वाचा. ठरलं ते सगळं, तारखांसकट, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आणि लग्नाच्या दिवशी घरातला एक जण फोटोग्राफरच्या सोबत द्या, ज्याला मामा कोण, आत्या कोण, कुठली आजी लवकर निघणार आहे, हे ठाऊक आहे. आमच्याकडं मावसभाऊ होता. मुहूर्ताला मोबाइल घेऊन पुढं घुसणाऱ्यांना हात जोडून मागं सारायचं कामही त्यानंच केलं.

डेटा हातात आला की त्याच आठवड्यात दोन प्रती करा. आमच्याकडं आता एक वरच्या मजल्यावरच्या कपाटात आहे आणि एक धाकटीकडं पुण्याला.