लेकीला केबिन क्रू व्हायचंय आणि धुराच्या व्हिडिओने आईची झोप उडालीय

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक एकोणीस वर्षांची, केबिन क्रूच्या इंटरव्ह्यूची तयारी जोरात चाललीय, आणि नेमका आत्ताच तुमच्या फोनवर तो व्हिडिओ आला, केबिनभर धूर, लोक तोंडाला रुमाल लावून बसलेत आणि क्रूमधली एक मुलगी सरळ त्या धुराच्या दिशेने चाललीय. "ती माझी असती तर?" असं लिहिलंय तुम्ही, आणि विचारलंय की हिच्या डोक्यातून हे खूळ कसं काढू.

काढू नका. पण मी खोटा धीरही देणार नाही, कारण विमानात धूर ही खरंच गंभीर गोष्ट आहे, गाडी बाजूला घेऊन उतरलो असं तिथे होत नाही. 1983 साली एअर कॅनडाच्या 797 नंबरच्या फ्लाइटमध्ये मागच्या टॉयलेटमधून धूर यायला लागला, क्रूने फायर एक्स्टिंग्विशर मारला, सगळ्यांना पुढच्या सीट्सवर आणून बसवलं, ओले टॉवेल वाटले, यातून श्वास घ्या म्हणून सांगितलं, आणि पायलटनी विमान सिनसिनाटीला उतरवलंही. दरवाजे उघडले आणि साधारण दीड मिनिटाच्या आत आतलं सगळं पेटलं. 46 पैकी 23 जण बाहेर आलेच नाहीत. आज टॉयलेटमध्ये स्मोक डिटेक्टर असतो, तिथल्या कचऱ्याच्या डब्यात आपोआप सुटणारा एक्स्टिंग्विशर असतो, आणि जमिनीलगत दाराकडे नेणाऱ्या खुणेच्या लाइट्स असतात, कारण धूर वर चढतो आणि वरचे दिवे दिसेनासे होतात. यातलं बरंचसं त्या 23 जणांच्या जाण्यानंतर सक्तीचं झालं.

आता ती मुलगी धुराकडे का जात होती ते सांगतो, कारण तुम्हाला त्याचाच धसका बसलाय. तिची नोकरीच ती आहे ताई, चहा-कॉफी देणं नंतर. ज्याला आग दिसली त्याने विझवायला लागायचं आणि जागा सोडायची नाही, दुसऱ्याने इंटरफोनवर कॅप्टनला कळवायचं की कुठे, कसला वास, धुराचा रंग काय, तिसऱ्याने आणखी एक्स्टिंग्विशर आणून द्यायचे, म्हणजे ती तिथे एकटी नसतेच. टॉयलेटचं दार बंद असेल तर आधी हाताची मागची बाजू लावून बघायचं, गरम लागलं तर दार धाडकन उघडायचं नाही, नोझल जाईल एवढीच फट करायची, मारायचं आणि लगेच बंद. डोक्यावर हूड असतो, त्यात साधारण 15 मिनिटं श्वास घेता येतो. आणि प्रवाशांचे वरून पडणारे ऑक्सिजन मास्क धुरासाठी नसतात, त्यात आजूबाजूची हवाही मिसळते, म्हणजे धूर नाकात जाणारच, हे ओरडणाऱ्या प्रवाशांना शांतपणे समजावून सांगायचं कामही तिचंच.

हल्ली पॉवर बँक आणि मोबाइलच्या बॅटऱ्यांचं भय जास्त आहे. तिथे एक्स्टिंग्विशरने ज्वाळा विझतात पण आतली उष्णता राहते आणि शेजारचा सेल पुन्हा पेटतो, म्हणून मग हाताशी असेल ते पाणी ओतत राहायचं. बर्फ लावायचा नाही, त्याने उष्णता आतच कोंडते.

हे सगळं शिकवतात, आणि वाचून नाही तर करून घेतात. माझ्याकडे मार्गदर्शनाला येऊन मग क्रूमध्ये लागलेली एक मुलगी सांगत होती, खोट्या केबिनमध्ये धूर सोडला तेव्हा स्वतःचा हात दिसत नव्हता, सीटचे पाय चाचपत, रांगा मोजत दारापर्यंत रांगत जायचं. हूड घातला की आपलाच आवाज आपल्या कानात घुमतो आणि बाहेर काही पोचत नाही, पहिल्या वेळी ती ओरडली ते शेजारच्या मुलीलाही कळलं नाही. नंतर तिने आवाजावर मेहनत घेतली. आवाजाचं महत्त्व बघायचं असेल तर 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा एअरपोर्टवर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर पेटलं ते आठवा, अनाउन्समेंट सिस्टिम बंद, 8 पैकी 3 च दारं वापरता आली, क्रूने मेगाफोन आणि नुसत्या घशाच्या जोरावर काम केलं, आणि विमानातले सगळे 379 बाहेर.

त्यामुळे तुमची लेक घाबरते का हे मला विचारू नका, घाबरणारच, घाबरूनही हात-पाय चालतात का ते बघा. घरात जळका वास आला तर "असेल काहीतरी" म्हणून फोनमध्ये डोकं घालते की उठून शोधते? वडीलधाऱ्यांसमोर "इथे काहीतरी चुकतंय" असं पहिल्या दमात बोलते का? नवीन मुलं इथेच अडतात, कॅप्टनला उगाच कशाला त्रास म्हणून पाच मिनिटं गप्प बसतात. अहो, बऱ्याचदा ओव्हनमध्ये काहीतरी करपलेलं निघतं, निघू दे, तरी सांगायचंच.

दम्याचा त्रास किंवा बंद जागेची भीती असेल तर इंटरव्ह्यूच्या आधी डॉक्टरांना भेटा, गळ्याशी घट्ट बसणारा हूड घालून धावपळ करायचीय हे त्यांना स्पष्ट सांगा. आणि नुसता मेकअप अन् चालणं-बोलणं शिकवून नोकरीची हमी देणाऱ्या क्लासवर पैसे घालवू नका, सेफ्टीचं खरं ट्रेनिंग निवड झाल्यावर एअरलाइनच देते, त्यात पास झाल्याशिवाय उडता येत नाही, आणि ठराविक काळाने पुन्हा परीक्षा असते.

हे पत्र तिला वाचायला द्या, आणि पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा. जळक्या वासाचं उत्तर तिच्याकडूनच हवंय मला.