घरच्या वाचनाला परीक्षा नको

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शाळेत रुजू झालास की पहिल्याच पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकशील : "आमचं मूल घरी पुस्तकाला हातच लावत नाही." ते ऐकून लगेच पुस्तकांची यादी देऊ नकोस. मुलाला वाचावंसं वाटत नाही की वाचता येत नाही, हे आधी शोधून काढ. दोन्ही मुलं वरून सारखीच दिसतात. पानं उलटतात, चित्रं बघतात, तहान लागली म्हणून उठतात. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत.

त्याने आधी न वाचलेल्या, त्याच्या इयत्तेला साजेशा गोष्टीतला शंभरेक शब्दांचा उतारा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे. बाकीची मुलं ऐकत नसतील अशा वेळी. अडलेले आणि चुकलेले शब्द मनातल्या मनात मोज. पाचापर्यंत असतील तर पुस्तक आवाक्यातलं आहे. दहाच्या वर गेले तर ते पुस्तक एकट्याने वाचून त्याला मजा येणं शक्य नाही, कितीही आवडीचा विषय असो. मग तसाच दुसरा उतारा तू वाचून दाखव आणि त्यावर गप्पा मार. ऐकून सगळं कळतंय पण वाचताना अडतंय, म्हणजे अडचण अक्षरं उलगडण्यात आहे. भराभर वाचतंय, पण वाचलेलंही सांगता येत नाही आणि ऐकलेलंही, तर अडचण भाषेची आहे. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं आकलन म्हणजे या दोन गोष्टींचा गुणाकार, असं मांडलं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू फारच कमी पडली तर दुसरी तिला सावरू शकत नाही.

देवनागरी वाचताना मुलं कुठे ठेचकाळतात ते लक्षात असू दे. 'पर्वत' या शब्दात रफार दिसतो 'व'च्या डोक्यावर, पण उच्चारायचा 'व'च्या आधी. 'किती'मध्ये पहिली वेलांटी लिहिलेली दिसते 'क'च्या आधी, बोलायची त्याच्यानंतर. जोडाक्षरांत तर अक्षराचा आकारच बदलतो. 'क्ष' किंवा 'त्र' पाहून त्यात कोणती व्यंजनं आहेत ते डोळ्यांना सांगता येत नाही. अशा ठिकाणी थांबणारं मूल आळशी नसतं. त्याला घरी मोठ्या टाइपाची, शब्दांत मोकळी जागा असलेली, एका पानावर चारपाच ओळींचीच पुस्तकं दे. वयाने लहान मुलांची असली तरी चालतील, फक्त तसं त्याच्यासमोर म्हणू नकोस. ओळी वारंवार गाळणारं, पुस्तक नाकाशी धरणारं किंवा वाचताना डोकं दुखतं म्हणणारं मूल असेल, तर आधी डोळे तपासून घ्यायला सांग.

आता घरी नेमकं काय करायचं. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी मी सगळ्यात आधी जोडीवाचन सांगेन. पुस्तक मुलाने निवडायचं. मोठं माणूस आणि मूल शेजारी शेजारी बसतात आणि एकत्र, एका आवाजात वाचतात. वेग मुलाचा. एकट्याने वाचावंसं वाटलं की मुलाने टेबलावर टकटक करायची. मोठ्या माणसाने गप्प व्हायचं. शब्द अडला किंवा चुकला तर चारपाच सेकंद थांबायचं. स्वतः दुरुस्त केला तर उत्तम. नाही तर मोठ्या माणसाने तो शब्द बरोबर म्हणायचा, मुलाने तो एकदा म्हणायचा आणि दोघांनी पुन्हा एकत्र पुढे जायचं, पुढची टकटक होईपर्यंत. "अक्षर लावून बघ", "कालच सांगितलं होतं ना" यातलं काहीही म्हणायचं नाही. दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, निदान आठ आठवडे. यात सगळ्यात जड जातात ती पाच सेकंदं. पालक दुसऱ्याच सेकंदाला शब्द सांगून टाकतात आणि मुलाला स्वतः सुधारायची संधीच मिळत नाही. नाहीतर अर्धा मिनिट थांबतात; तेवढ्यात वाक्याचा अर्थ मुलाच्या डोक्यातून निसटतो आणि उरतो तो नुसता शब्दांशी झगडा.

वाचता येतं पण वाचत नाही, अशा मुलाच्या घरात बहुतेक वेळा वाचनाची परीक्षा झालेली असते. पुस्तक मिटलं की "काय शिकलास?", "तात्पर्य काय?", "पाच नवे शब्द लिहून काढ." मोठ्यांनी कादंबरी संपवल्यावर असं कोणी विचारत नाही. पालकांना सांग, प्रश्न विचारायचाच नाही. स्वतःला काय वाटलं ते एका वाक्यात बोलायचं. "तो कोल्हा मला जरा लबाडच वाटला," एवढं म्हणून गप्प बसलं की मूल आपणहून वाद घालतं.

बक्षिसांचा मोह तुलाही होईल, म्हणून जरा थांबून सांगतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, आधीच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना चित्राबद्दल प्रमाणपत्र देऊ असं आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणून 'दहा पुस्तकं वाच, सायकल मिळेल' हे नको. 'अर्धा तास वाच, मग मोबाइल' हा सौदा तर त्याहून वाईट, कारण वाचन ही मोबाइलसाठी मोजायची किंमत होऊन बसते. पालकांच्या सहीची वाचनवहीही मी ठेवू देणार नाही. मुलं पानं मोजायला लागतात आणि मुद्दाम पातळ पुस्तकं शोधतात.

पुस्तकांचं म्हणशील, तर घरात शंभर असण्यापेक्षा हाताशी आठदहा असावीत. कपाटात बंद नकोत. मूल बसतं-लोळतं तिथे, मुखपृष्ठ दिसेल अशी. दर पंधरा दिवसांनी निम्मी बदलायची. चित्रकथा, कोडी, विनोद, प्राण्यांची माहिती, यंत्रं कशी चालतात, जुनी मासिकं, सगळं वाचनच. एकाच मालिकेतली पुस्तकं ओळीने वाचणाऱ्या मुलाला अडवू नये. पात्रं आणि जागा ओळखीच्या असल्याने नव्या पुस्तकात शिरायचे कष्ट वाचतात, आणि त्याच ओघात मूल लांब मजकुराला सरावतं. तेच पुस्तक विसाव्यांदा वाचणंही तसंच. त्यातून ओघ येतो.

पाच बोटांची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते : एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाच झाली की पुस्तक जड. ती भरगच्च पानालाच लागू पडते. पानावर वीसच शब्द असतील तर पाच अडणं म्हणजे चौथा हिस्सा अडणं. तिथे चारपाच पानं मिळून बोटं मोजायची.

वेळ रोजच्या एखाद्या सवयीला बांधायची. झोपण्याआधीची पंधरा मिनिटं सगळ्यात टिकतात. दिवा पंधरा मिनिटं जास्त चालू ठेवायचा, त्यात वाचायचं की नाही हे मुलाने ठरवायचं. आणि वाचता यायला लागलं म्हणून वाचून दाखवणं थांबवायचं नाही. ही चूक घरोघरी होते, बहुधा दुसरीत. प्राथमिकच्या मुलांना स्वतः वाचून जेवढं कळतं, त्याहून बरंच अवघड ऐकून कळतं. मोठे शब्द, लांब वाक्यं, गुंतागुंतीची गोष्ट त्यांच्यापर्यंत अजून कानावाटेच पोचते. चौथीपर्यंत तरी चालू राहू दे, प्रकरण रंगात आलं की तिथेच थांबवून.

ज्या घरात मोठ्यांना वाचता येत नाही, तिथे स्वतःला कमी समजायचं कारण नाही. त्यांनी आपल्या बोलीत गोष्टी सांगाव्यात, मूल वाचत असताना शेजारी बसून ऐकावं, चित्रं बघून "आता पुढे काय होणार?" असं म्हणावं. वर सांगितलेल्या गुणाकारातली भाषेची बाजू अशीच भरते.

हे सगळं एका सभेत सांगू नकोस, कोणाच्या लक्षात राहणार नाही. पहिल्या सभेत फक्त जोडीवाचन, तेही एखाद्या मुलाला शेजारी बसवून पाच मिनिटं प्रत्यक्ष करून दाखव. पंधरा दिवसांनी किती पानं झाली ते विचारू नकोस. कोणतं पुस्तक मध्येच सोडून दिलं ते मुलांना विचार. एकही सोडलेलं नसेल तर पुस्तकं अजून मोठीच माणसं निवडताहेत असं समज. मग आठदहा पुस्तकं वर्गात मांड आणि मुलांनाच त्यातलं एकेक घरी न्यायला सांग, आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळेल या बोलीवर.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी