‘झालं का?’ विचारणाऱ्या मुलांसोबत बेकिंग

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पाच वर्षांची, मुलगा आठचा. दोघांना थोडा धीर यावा, कामाची सवय लागावी म्हणून सुट्टीच्या दिवशी केक करायला घेता. धाकटी ढवळून झालं की पळते, मग दर दोन मिनिटांनी ओव्हनपाशी येऊन ‘झालं का?’ विचारते, दारही उघडते. थोरला तिला कशालाच हात लावू देत नाही. केक मधोमध बसतो आणि दुपार रडारडीत जाते.

आधी केक बाजूला ठेवा. निदान दोन-तीन महिने. केकमध्ये मुलांचं काम दहा मिनिटांत संपतं आणि पुढची ३५-४० मिनिटं नुसतं बंद दार. पाच वर्षांच्या मुलीला ‘चाळीस मिनिटं’ म्हणजे किती ते कळत नाही. तिच्या लेखी मोठ्यांनी ‘नाही’ म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. यीस्टच्या पावाला एकूण वेळ केकपेक्षा कितीतरी जास्त लागतो, पण तो तुकड्यातुकड्यांत असतो. प्रत्येक तुकड्यानंतर हाताला काम मिळतं, आणि थांबलेल्या वेळात काय घडतंय ते डोळ्यांना दिसतं.

मूल थांबतं ते ‘धीर धर’ सांगितल्याने नाही. थांबणं कधी संपणार हे त्याला दिसलं पाहिजे आणि सांगणाऱ्या माणसाच्या शब्दावर त्याचा विश्वास हवा. १९६०च्या दशकाच्या शेवटी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेले मार्शमॅलोचे (मऊ, फुगीर गोड मिठाईचे) प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतात: एक आत्ता घे, किंवा थांबलास तर दोन. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटाने छापलेला प्रयोग मात्र पालकांच्या जास्त कामाचा आहे. त्यात २८ मुलं होती. निम्म्यांना आधी चित्रकलेचं चांगलं सामान आणून देतो असं सांगून ते दिलं, उरलेल्यांना सांगून दिलं नाही. मग मार्शमॅलो ठेवला. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली जेमतेम ३.

म्हणून ओव्हनपाशी बोलताना शब्द जपून वापरा. ‘काटा सहावर आला की पाव काढू’ म्हणालात आणि पाव कच्चा निघाला, तर तुम्ही खोटे पडलात. ‘काटा सहावर आला की दार उघडून बघू, शिजला असेल तर काढू’ असं म्हणा. आणि काटा सहावर आला की हातातलं काम टाकून उठा. ‘दोन मिनिटं थांब हं, फोनवर आहे’ म्हटलं की तेवढ्यावर पाणी पडतं.

आता पाव. मैदा २५० ग्रॅम, कोमट पाणी १५५ ग्रॅम, तेल १५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. बेरीज ४३९ ग्रॅम. भांड्याला, हाताला थोडं चिकटणारच, ते सोडून ५४ ग्रॅमचे आठ गोळे होतात. हा भागाकार थोरल्याला करू द्या. कप वापरू नका. मैद्याचा एक कप कसा भरला यावर १२० ग्रॅमही होतो आणि १५० ग्रॅमही. मुलं दाबून भरतात, मग पीठ घट्ट होतं आणि दोष मळणाऱ्यावर येतो. साधा डिजिटल वजनकाटा घ्या. भांडं ठेवून शून्य करायचं, मग एकेक जिन्नस. आकडा २५० च्या जवळ आला की चमचा हलका झटकत शेवटचे पाच ग्रॅम घालायचे, हे पाच वर्षांच्या मुलीला उत्तम जमतं आणि सगळ्या कामांत हेच तिला जास्त आवडण्याची शक्यता आहे.

पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून बघायचं, गरमही लागायला नको, गारही नको. हे साधारण ३५ ते ३८ अंश. ५५-६० अंशांच्या पाण्यात यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट बघा, काही होत नाही. मुलांसोबतचा पाव फसण्याचं मोठं कारण हेच, कारण घाईत कोणीतरी थेट तापलेलं पाणी ओततं.

सगळं कालवून झालं की गोळा ओबडधोबड आणि चिकट दिसेल. मुलगी म्हणेल, अजून मैदा घाल. घालायचा नाही. बोटांत धरून ताणायला सांगा: लगेच तुटेल. आता भांड्यावर झाकण ठेवून २० मिनिटं सोडून द्या. मग परत ताणायला सांगा. तोच गोळा, कोणी हात न लावलेला, आता लांब ताणला जातो आणि बोटांना कमी चिकटतो. मैद्याने पाणी शोषलं आणि आतलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, आपोआप जोडत गेलं. थांबल्याने काम होतं हे मुलीला इथे स्वतःच्या बोटांनी कळतं, म्हणून ही पायरी घाईच्या दिवशीही गाळू नका.

मग आठ मिनिटं मळायचं, दोन-दोन मिनिटांच्या पाळ्यांनी. वाळूचं घड्याळ समोर ठेवलं की कोणाची पाळी किती उरली यावरून भांडण राहत नाही. हाताला पीठ नाही, तेलाचं बोट लावायचं. छोटा तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू पसरवला आणि न फाटता उजेड आरपार दिसेल इतका पातळ झाला की मळून झालं.

यानंतरची वाट सगळ्यात लांब, म्हणून तिला मोजमाप द्या. गोळ्यातून ३० ग्रॅम पीठ काढून सरळ बाजूंच्या काचेच्या ग्लासात तळाशी सपाट दाबा. त्याच्या वरच्या पातळीला एक रबरबँड, बरोबर दुप्पट उंचीला दुसरा. मोठा गोळा झाकून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. बघायचं ते ग्लासात. दर पंधरा मिनिटांनी मुलीने काचेवर स्केचपेनने रेघ ओढायची. खोली २५ ते २७ अंश असेल तर तास-सव्वा तासात पीठ दुसऱ्या रबरबँडला टेकतं, २० अंशांत दोन तासही लागतात. पहिली वीस मिनिटं जवळजवळ काहीच हलत नाही. हे आधीच सांगून ठेवा, कारण मुलं नेमकी इथेच कंटाळतात. पहिल्या दोन रेघा एकमेकींना चिकटून येतात, नंतरच्यांतलं अंतर वाढत जातं. ते दिसलं की ‘झालं का?’ ऐवजी ‘एवढंच राहिलं’ ऐकू येऊ लागतं. गोळे करायच्या आधी ग्लासातलं पीठ परत मोठ्या गोळ्यात मिसळा, म्हणजे वजनाचा हिशेब चुकत नाही.

या तासात मुलांना खेळायला सोडलंत तरी चालेल, पण अर्धा वेळ आवराआवरीला द्या. शिकण्यासारखं बरंच इथे आहे. ओट्यावर सांडलेला मैदा आधी कोरड्या ब्रशने गोळा करायचा. ओलं फडकं फिरवलं की त्याची खळ होते. पीठ लागलेलं भांडं आधी खरवडून मग गार पाण्यात भिजवायचं. गरम पाण्याने पीठ शिजून आणखी घट्ट चिकटतं. खरवडलेलं पीठ कचऱ्यात टाकायचं, सिंकमध्ये नाही.

गोळे वळायच्या आधी ओव्हन २०० अंशांवर तापत ठेवा. आठ गोळे वळून झाले की त्यातला एक लगेच ओव्हनमध्ये घाला. हा घाईचा पाव. उरलेले सात तेल लावलेल्या ट्रेमध्ये झाकून ३५-४० मिनिटं फुगू द्या. ते तयार आहेत का हे बघायला बोट मैद्यात बुडवून पाव हलकेच दाबायचा. खड्डा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धवट भरला तर लगेच भाजायला घाला. अजिबात भरला नाही तर जास्त फुगलाय, ओव्हनमध्ये बसण्याची भीती. भाजायला १५ ते १७ मिनिटं. पाव उलटा करून बुडावर टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा.

गार झाल्यावर घाईचा पाव आणि बाकीच्यांतला एक, दोन्ही मधोमध कापून शेजारी ठेवा. एक बुटका, आतून दाट, बाजूने फाटलेला. दुसऱ्याला जाळी पडलेली. तुम्ही काही बोलू नका. दोन्ही चाखायला द्या. एखाद्या मुलाला दाट पाव जास्त आवडेल, तर आवडू द्या.

कापायच्या आधी निदान २० मिनिटं थांबायचं हे मात्र पाळा. गरम पावाच्या आत वाफ कोंडलेली असते, जीभ भाजते आणि सुरीला चिकट लगदा लागतो. वास सुटलेला असताना थांबणं मुलांना सगळ्यात जड जातं, म्हणून घाईचा पाव उपयोगी: तो आधी निघतो आणि बाकीचे भाजून निघेपर्यंत कोमट झालेला असतो.

थोरल्याबद्दल. त्याला ‘तिला शिकव’ असं सांगू नका. त्याचा मुकादम होतो. दोघांना वेगळी कामं द्या आणि ती मधेच बदलू नका. तो कृती मोठ्याने वाचेल आणि वेळ लिहून ठेवेल: किती वाजता मळलं, किती वाजता दुप्पट झालं, खोली किती अंश. ती वजन करेल आणि सामान मांडेल. त्याने ‘मीठ’ वाचलं की तिने मिठाच्या वाटीवर हात ठेवून ‘आहे’ म्हणायचं. सगळं मांडून झाल्याशिवाय कालवायला सुरुवात नाही. पुढच्या खेपेला अदलाबदल; तिला वाचता येत नसेल तर चित्रांची चिठ्ठी करा.

चूक झाली तर गुपचूप दुरुस्त करू नका. मीठ राहिलं तर पीठ नेहमीपेक्षा लवकर फुगेल आणि पाव मचूळ लागेल. तो खा, वहीत लिहा. पीठ फुगलंच नाही तर पाणी किती गरम होतं, यीस्टची तारीख कोणती, हे दोघांना शोधू द्या.

काही बाबतींत मात्र सूट नाही. कच्चं पीठ चाटायचं नाही, अंडं नसलं तरी. कच्च्या मैद्यातही साल्मोनेला किंवा ई. कोलाय हे आजारी पाडणारे जिवाणू असू शकतात, भाजल्यावर ते मरतात. हात आधी साबणाने २० सेकंद, आणि अंडं हाताळल्यावर पुन्हा. अंडं सपाट ओट्यावर आपटून वेगळ्या वाटीत फोडायचं. टरफलाचा तुकडा पडला तर मोठ्या टरफलाच्या कडेनेच काढायचा, बोटाने तो निसटतो. ओव्हनसमोर एक मीटरवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावा, दार उघडताना दोघंही तिच्या मागे. दार उघडणं आणि ट्रे काढणं मोठ्यांचंच, आणि तेही कोरड्या हातमोज्याने. ओल्या फडक्यातून चटका पटकन बसतो.

केकवर परत याल तेव्हा तो का बसतो हे माहीत असू द्या. पहिल्या दोन तृतीयांश वेळात बुडबुडे फुगलेले असतात पण त्यांच्या भिंती शिजलेल्या नसतात; दार उघडलं की उष्णता घसरते आणि सगळं खाली येतं. दुसरं कारण शीग लावून भरलेला बेकिंग पावडरचा चमचा. १२५ ग्रॅम मैद्याला एक सपाट चमचा, म्हणजे ५ मिली, ते फार तर सव्वा चमचा पुरे. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा. मिश्रण करून तासभर ठेवलं तरीही जोर कमी होतो. सुरुवात मफिनपासून करा, ते १८-२० मिनिटांत होतात. मैदा घातल्यावर १५ वेळाच ढवळायचं, मोठ्याने मोजत. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात. गुळगुळीत होईपर्यंत घोटलं तर मफिन चिवट होतात आणि आत लांबट बोगदे पडतात.

घरात तीन वर्षांचं मूल असेल तर पावाचा पूर्ण दिवस त्याला झेपणार नाही. त्याला बिस्किटं: साखर ५०, लोणी १००, मैदा १५० ग्रॅम. गोळा करून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग अर्धा सेंटिमीटर जाड लाटून १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटं. दोन बिस्किटं फ्रिजमध्ये न ठेवता भाजा; ती पसरून आकार हरवतात आणि अर्ध्या तासाचं उत्तर ट्रेमध्येच मिळतं.

शेवटी वेळेचं. पावाला सुरुवातीपासून खाईपर्यंत साडेतीन तास धरा आणि भुकेच्या किंवा झोपेच्या वेळेला काम सुरू करू नका. एवढा सलग वेळ नसेल तर यीस्ट निम्मं, २ ग्रॅम, घ्या आणि संध्याकाळी मळून गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ४-५ अंशांत तो रात्रभरात हळूहळू फुगतो. रबरबँडचा ग्लासही शेजारी ठेवा. सकाळी गोळे वळून तासभर, थंड खोलीत दीड तास, फुगवले की भाजायला घ्या.