काजवे टिपायचे तर तयारी उजेडातच

प्रिय मित्रा,

भंडारदऱ्याचे तुझे काजव्यांचे फोटो बघितले. जास्त उजेड आत घेणारी एफ १.४ ची लेन्स घेऊ का, असं विचारतोस. नको घेऊस. तुझ्या फोटोत उजेड कमी पडलेला नाही, तयारी कमी पडलीय. खोड धूसर आलंय, कारण फोकस अंधारात चाचपडत लावलास. उजव्या कोपऱ्यातला पिवळा पट्टा गाडीच्या दिव्यांचा आहे. झाड दिवसाउजेडी निवडलं असतंस तर मागचा रस्ता दिसला असता.

उजेड आहे तोवर सगळं ठरवून टाक. बाकीचं सगळं यातूनच येतं.

साडेपाचपर्यंत पोहोच. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, यातलं मोकळ्यावरचं एखादं झाड धर. ट्रायपॉड कातळावर किंवा मळलेल्या वाटेवर लाव, गवतात नको. काजव्यांच्या अळ्या जमिनीलगतच असतात. खोडावर ऑटोफोकस कर, मग मॅन्युअलला टाक आणि फोकस रिंग हलू नये म्हणून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लाव. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, फोकसचा मदतनीस दिवा बंद, स्क्रीन अगदी मंद, कार्डाच्या लुकलुकत्या दिव्यावर काळी पट्टी. सूर्य मावळल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी, आभाळ निळं असताना, बेस फ्रेम घे, म्हणजे झाडाचा तो एक फोटो ज्यावर नंतर काजवे चढवायचे. त्यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही.

अंधार पडला की रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), एफ २.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००, २० सेकंद, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर कायम. इंटरव्हल, म्हणजे एक फ्रेम सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ, २२ सेकंदांचा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद कर; चालू राहिलं तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि निम्मे काजवे हुकतात. अर्ध्या तासात ८० फ्रेम होतात. त्या संगणकावर बेस फ्रेमवर लाइटन मोडमध्ये चढव; त्यात प्रत्येक फ्रेममधला जास्त उजळ ठिपकाच उरतो. तीनशे फ्रेम चढवून फोटोत झाड पेटल्यासारखं दाखवणारे आहेत; मला ते पटत नाही. किती फ्रेम जोडल्या ते फोटोखाली लिही.

प्रयोगच करायचा असेल तर उलट्या दिशेने कर: आयएसओ ६४००, एक सेकंद, एकच फ्रेम. एका झाडावरचे काजवे बऱ्याचदा लयीत एकदम चमकतात. ती लय फ्रेमवर फ्रेम चढवल्या की पुसली जाते, इथे सापडते.

लेन्सवर बाष्प धरणारच. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नकोस, बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू दे. लेन्सच्या पुढच्या कडेला हात गरम करायची पुडी रबरबँडने बांध. तीही उजेडातच!

मोबाइलच्या उजेडात सेटिंग शोधणाऱ्याला मी शेजारी उभं राहू देत नाही. कोणी तुसडा म्हणालं तरी चालेल. चमकण्यावरूनच नर-मादी एकमेकांना शोधतात; टॉर्च लागला की ती हाक तुटते. आपल्या फोटोपायी त्यांचा हंगाम बुडवायचा हक्क आपल्याला कोणी दिला? हंगाम तरी केवढा, मेअखेरपासून पाऊस जोर धरेपर्यंत. त्यातही अमावास्येच्या मागचेपुढचे चार-पाच दिवसच खरे कामाचे.

निघताना टॉर्चवर लाल कागद लाव आणि झोत पायाशीच ठेव. शेजारी कोणाची फ्रेम चालू असेल तर आधी विचार, मगच ट्रायपॉड मिट.