"मीपण हसले होते, आता कोण ऐकणार माझं?"

सोलापुरात कामाला जाणाऱ्या बायका आमच्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. कायदा काय म्हणतो, हे नंतर. आधी स्वतःवरच संशय. इथे सांगितलेली हकीकत अशाच दोन-तीन प्रकरणांचे तपशील एकत्र करून मांडली आहे, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही.

ती २९ वर्षांची. टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग-पॅकिंगला. चाळीसेक माणसं, अर्ध्या बायका. डबा खाताना कडक भाकरीवरून, उशिरा येणाऱ्या बसवरून सगळ्यांची चेष्टा चालायची, तीही करायची. मग एकदा डिस्पॅचचा एक सहकारी तिच्या हातातल्या टॉवेलकडे बघून म्हणाला, "हा गुंडाळून एक फोटो काढा वो मॅडम, एक्स्पोर्टचा माल दुप्पट जाईल." टेबलाभोवतीचे सगळे हसले. तीही हसली.

महिनाभरात ते रोजचं झालं. रात्री साडेदहाला ग्रुपवर घाणेरडे स्टिकर. गठ्ठा देताना बोटं मुद्दाम घासणं. ती हसायची थांबली, तेव्हा "मॅडमना रात्री झोप मिळत नाही वाटतं." ती चिडली, तेव्हा "मस्करी केली वो, एवढं काय मनाला लावून घ्यायलाव?" आमच्यासमोर बसली तेव्हा तिच्या ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना होत्या. आधी त्या ती लावत नव्हती.

रेषा कुठे आहे, ते या हकिकतीतच दिसतं. भाकरीची चेष्टा सगळ्यांची आणि उलटून करता येण्यासारखी होती. टॉवेलची 'मस्करी' तिच्या शरीरावर होती आणि तिला उलट काही बोलायला जागाच नव्हती. आम्ही आणखी एक गोष्ट बघतो: समोरची व्यक्ती हसायची थांबल्यावर काय होतं? ज्याला खरंच चेष्टाच करायची होती तो ओशाळतो आणि थांबतो. इथे तिच्या गप्प बसण्यावरच पुढची शेरेबाजी झाली.

२०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मोजमाप आहे ते 'नकोसं' वर्तन. नकोसा स्पर्श, लैंगिक मागणी, लैंगिक अर्थाचं बोलणं, अश्लील काही दाखवणं, शिवाय शब्दांनी किंवा हावभावांनी केलेलं असं इतर काहीही. 'माझा हेतू वाईट नव्हता' एवढ्यावर सुटका होत नाही. आणि हसणं म्हणजे संमती नव्हे. दहा जण हसत असताना एकटी गंभीर राहिली तर उद्या तिचीच टिंगल होणार, हे तिला कळत होतं, म्हणून ती हसली. तक्रारीआधी 'नाही' म्हटलंच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. पण म्हणता आलं तर फार उपयोग होतो, म्हणून तिच्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं: "माझ्या अंगावरून, कपड्यांवरून बोलायचं नाही." हसू नाही, 'प्लीज' नाही, कारण नाही. तेच त्या संध्याकाळी त्याला मेसेजवर, म्हणजे तारखेसह नोंद राहते.

मग वही. तारीख, वेळ, जागा, शेजारी कोण होतं, आणि नेमके शब्द. 'घाण बोलला' असं लिहून चालत नाही. चौकशीत तिथेच अडतं. सोलापुरात अशा द्व्यर्थी बोलण्यात तेलुगू, कन्नड सर्रास येतं. ते जसं ऐकलं तसंच देवनागरीत लिहायचं, अर्थ खाली. ग्रुप रागाने सोडू नये. आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावी, स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसावी.

तिच्या घरी दोन गोष्टी ठरत होत्या, दोन्ही आम्ही थांबवल्या. एक, भाऊ जाऊन दम देणार होता. त्यातून उलटी पोलीस तक्रार होते आणि मूळ विषय बाजूला पडतो. दुसरी, दिवाळीचा बोनस हातात पडू दे, मग बघू. तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून ३ महिने आहे. योग्य कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती आणखी ३ महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नये.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी: अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक सदस्य बाहेरचा. तिने अर्जाच्या ६ प्रती दिल्या, सोबत साक्षीदारांची नावं. समितीने ७ कामाच्या दिवसांत प्रत त्याला पाठवायची, त्याने १० कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी ९० दिवसांत संपवायची. मध्ये व्यवस्थापनातल्या एकाने "तुम्हीच दुसऱ्या विभागात जा" सुचवलं. कुणाचीही बदली हवी असेल तर ती तिच्या लेखी विनंतीवरून आणि समितीच्या शिफारशीनेच. तिने त्याची मागितली, आणि ती झाली. पैसे घेऊन मिटवण्याची तडजोड कायद्याला मान्य नाही, तेही तिने सांगितलं. शेवटी त्याची लेखी माफी आली आणि वेतनवाढ रोखली गेली.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या लहान यंत्रमाग शेडमध्ये दहा माणसं नसतात, किंवा बोलणारा मालकच असतो. तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बाल विकास कार्यालयात विचारावं. रोजंदारीवर, ठेकेदाराकडे, शिकाऊ म्हणून असलात तरी हक्क तोच. लिहिता येत नसेल तर अर्ज लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.