साखर सोडून गूळ खाल्ला तर साखरेचे तोटे टळतात का?

नाही टळत. अस्सल कोल्हापुरी असला तरी गुळात बहुतांश सुक्रोज, म्हणजे आपली साखरच असते. लोह-खनिजं किंचित जास्त, पण रक्तातली साखर तोही चढवतोच. मधुमेहींनी 'गूळ चालतो की' हे कुणाचंही ऐकू नये.

खरा घोळ यकृतात होतो. सुक्रोजचा अर्धा भाग फ्रुक्टोज (साखरेचाच एक साधा प्रकार). तो मुख्यतः यकृतात जातो आणि जादा झाला की त्याची चरबी बनते. दारूला न शिवणाऱ्यांनाही फॅटी लिव्हर होतं, त्यामागचं हे एक कारण. दात किडतात, वजन वाढतं, ते वेगळंच.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साखर साधारण 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, तेही गूळ, मध, फळांचा रस धरून. रंकाळ्यावर उसाच्या रसाचा मोठा ग्लास घेतला की 25 तिथंच संपले (चहा अजून व्हायचाय!).